घाटावर, बालाघाट आणि ‘अप-डाऊन’ : छोट्या शब्दांच्या जागेचा एक वऱ्हाडी इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला त्याचा मुलूख विचारला तर पुष्कळदा तालुक्याच्या नावाआधी दुसरेच उत्तर मिळते : ‘आम्ही घाटावरचे’ किंवा ‘आम्ही घाटाखालचे’. चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेने घातलेली ही विभागणी फार जुनी आहे. मोगलांच्या आणि पुढे निजामाच्या कारभारात वऱ्हाडचे हेच दोन भाग ‘बालाघाट’ आणि ‘पाईनघाट’ या नावांनी ओळखले जात. ‘बाला’ म्हणजे वर आणि ‘पाईन’ म्हणजे खाली. हे दोन्ही शब्द फार्सी. अकोला आणि अमरावती पाईनघाटात, पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीच्या सपाटीवर, वाशीम बालाघाटात. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि आल्फ्रेड लायल यांनी संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये निघाले. तेव्हापासून हाच भेद सांगण्यासाठी एक तिसरी भाषा या प्रदेशात आली. तिच्यात घाटावर म्हणजे ‘अबव्ह द घाट्स’ आणि घाटाखाली म्हणजे ‘बिलो द घाट्स’.

डोंगर एकच, चढही एकच. मात्र ‘वर’ या अर्थाचा छोटासा शब्द मराठीत नामाच्या मागे चिकटतो, फार्सीत नामाच्या पुढे येऊन त्याच्याशी समास करतो, आणि इंग्रजीत नामाच्या पुढे पण त्याच्यापासून सुटा उभा राहतो. प्रस्तुत लेखात या छोट्या शब्दांच्या जागेचा विचार करावयाचा आहे. इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषण, शब्दयोगी आणि नाम यांची जी गुंफण दिसते ती आपल्या विद्यार्थ्यांना अवघड का वाटते, आणि ती अवघड करण्यात आपल्या व्याकरणशिक्षणाचा वाटा किती, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

प्रथम रचना पाहू. ‘पलंगाखालून’ हा एक मराठी शब्द घ्या. त्यात तीन घटक आहेत : पलंग, खाल आणि ऊन. इंग्रजीत याच अर्थासाठी ‘फ्रॉम अंडर द बेड’ असे म्हणावे लागते. ‘फ्रॉम’ म्हणजे ऊन, ‘अंडर’ म्हणजे खाली, ‘बेड’ म्हणजे पलंग. घटक तेच, त्यांचे एकमेकांशी असलेले नातेही तेच. केवळ क्रम आरशातल्यासारखा उलटा. ‘वावरातल्या विहिरीतले पाणी’ ही आपली रचना इंग्रजीत नेताना ‘पाणी’पासून आरंभ करून ‘विहिरी’वरून ‘वावरा’पर्यंत उलट चालत जावे लागते : ‘द वॉटर इन द वेल इन द फील्ड’. वऱ्हाडातल्या मुलाला ‘वावरातल्या विहिरीतलं’ हे जोडकाम कोणी शिकवावे लागत नाही. तो एका दमात तीन-चार नाती ओवतो. त्याला फक्त इतकेच सांगावयाचे असते की इंग्रजीत ही माळ दुसऱ्या टोकाकडून ओवायची.

हा उलटेपणा यादृच्छिक नाही. जोसेफ ग्रीनबर्ग या भाषावैज्ञानिकाने १९६३ मध्ये जगातल्या अनेक भाषांची तुलना करून असे दाखविले की ज्या भाषांत क्रियापद कर्माच्या आधी येते त्यांत संबंधदर्शक शब्द बहुधा नामाच्या आधी येतो, आणि जेथे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते तेथे तो बहुधा नामाच्या नंतर येतो. इंग्रजी पहिल्या गटातली, मराठी दुसऱ्या गटातली. फार्सी हा प्रसिद्ध अपवाद : तिचे क्रियापद वाक्याच्या अखेरीस, पण संबंधदर्शक शब्द नामाच्या आधी. म्हणजे वऱ्हाडच्या माणसाने गेल्या चार-पाचशे वर्षांत या बाबतीतले तीन वेगवेगळे नमुने आपल्याच भूमीवर ऐकले आहेत. एखाद्या वर्गात भाषाविज्ञान शिकवावयाचे असेल तर याहून चांगले उदाहरण शोधायला दूर जाण्याची गरज नाही.

आता दुसरी गोष्ट. हे छोटे शब्द येतात कोठून? बहुतेक वेळा नामांतून. मराठीतील ‘कडे’ हा ‘कड’ म्हणजे बाजू या नामापासून, ‘पाशी’ हा ‘पार्श्व’पासून, ‘मागे’ हा ‘मार्ग’ या शब्दाच्या प्राकृत रूपापासून आला. या सगळ्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो ‘पायी’. ‘पाय’ हे नाम. ‘अकोल्याहून लोक शेगावला पायी जातात’ या वाक्यात ‘पायी’ क्रियाविशेषण. आणि ‘लेकीच्या लग्नापायी वावर विकलं’ या वाक्यात तोच शब्द शब्दयोगी. नाम, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी ही तिन्ही घरे एकाच शब्दाने बसल्या जागी दाखविली.

इंग्रजीचा इतिहासही नेमका असाच आहे, फक्त तिथे तो आज डोळ्यांना चटकन दिसत नाही. ‘अवे’ म्हणजे मूळचे ‘ऑन वे’, वाटेवर. ‘अमंग’ म्हणजे घोळक्यात. ‘बिसाइड’ म्हणजे बाजूला. ‘इन्स्टेड’मधल्या ‘स्टेड’चा अर्थ जागा, म्हणजे ‘इन्स्टेड ऑफ’ हे आपल्या ‘च्या जागी’चे सख्खे भावंड. ‘अमिड’ हा ‘ऑन’ आणि ‘मध्य’ अर्थाचा जुना शब्द यांचा सांधा. त्याच्या शेजारी आपला ‘दरम्यान’ ठेवून पाहावा. फार्सीत ‘दर’ म्हणजे आत आणि ‘मियान’ म्हणजे मध्य; दोहोंचा अर्थ ‘अमिड’च. फार्सीत हा शब्द नामाच्या आधी येई. मराठीने तो घेतला आणि निमूटपणे नामाच्या मागे नेऊन बसविला : ‘अकोला आणि अमरावतीच्या दरम्यान’. ‘बद्दल’, ‘ऐवजी’, ‘मार्फत’, ‘बाबत’ हे अरबी-फार्सी शब्दही असेच. मुळात ती नामे. मराठीत येऊन ती शब्दयोगी झाली आणि रांगेत आपल्या जागी उभी राहिली. भाषा शब्द उसना घेते, पण त्याने कोठे उभे राहावयाचे हे बहुतांशी स्वतःच ठरविते.

बहुतांशी असे म्हणण्याचे कारण असे की काही वेळा पूर्ण जोडशब्दच उचलला जातो आणि त्याबरोबर परकी रचनाही येते. ‘बालेकिल्ला’ आणि ‘बरहुकूम’ यांत संबंधदर्शक शब्द पुढेच राहिला. ‘बालाघाट’ही तसाच. इंग्रजीत ‘अपस्टेअर्स’, ‘डाउनहिल’, ‘ओव्हरहेड’, ‘अंडरग्राउंड’ हे शब्द याच पद्धतीने घडले आहेत : शब्दयोगी अधिक नाम, आणि दोहोंचे मिळून क्रियाविशेषण. ‘बालाघाट’ आणि ‘अपहिल’ यांची घडण एकाच साच्यातली आहे हे एकदा दिसले की विद्यार्थ्याला ‘ही वेन्ट अपहिल’मध्ये ‘टू’ का नाही, हा प्रश्न पडत नाही. तेथील ‘टू’चे काम शब्दाच्या पोटातच झालेले असते.

येथपर्यंतचे विवेचन मान्य झाले तर एक प्रश्न उभा राहतो. नाम, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी यांच्यातल्या भिंती इतक्या पातळ असताना आपण शाळेत त्या इतक्या जाड का बांधतो? याचे उत्तर व्याकरणलेखनाच्या इतिहासात आहे.

संस्कृत परंपरेत यास्काने पदांचे चार प्रकार मानले : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीने याहून सूक्ष्म विचार केला. ‘अनु’, ‘प्रति’, ‘अभि’, ‘परि’ यांसारखे शब्द क्रियापदाशी जोडलेले असतील तेव्हा त्यांना उपसर्ग म्हणावे, आणि तेच शब्द नामाशी संबंध दाखवीत स्वतंत्रपणे येतील तेव्हा त्यांना कर्मप्रवचनीय म्हणावे, अशी त्याची व्यवस्था आहे. शब्द तोच राहतो, त्याच्या कामाप्रमाणे त्याला संज्ञा मिळते.

युरोपातील शालेय व्याकरण लॅटिनच्या वळणावर गेले होते. लिंडली मरे याचे इंग्रजी व्याकरण १७९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे कित्येक दशके इंग्रजी शिकविण्याचा तो प्रमाण ग्रंथ ठरला. त्यात शब्दांच्या नऊ जाती आहेत. मराठीचे इंग्रजी अमदानीतले पहिले व्याकरण विल्यम कॅरी याने १८०५ मध्ये श्रीरामपूरहून काढले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये आले. दादोबांचे काम पायाभूत आहे, आणि त्यांनी संस्कृतचा आधारही सोडलेला नाही. तथापि शब्दांच्या जातींची चौकट इंग्रजी वळणाचीच राहिली. इंग्रजीतले उपपद गाळले की उरतात त्या आठ जाती आजही आपण पाठ करतो. ‘ॲडव्हर्ब’च्या खणात क्रियाविशेषण अव्यय आणि ‘प्रेपोझिशन’च्या खणात शब्दयोगी अव्यय, अशी ही मांडणी.

खण जुळले, पण माल जुळला का? ‘शब्दयोगी’ या नावाचा अर्थ शब्दाला जोडून येणारा, इतकाच आहे. त्यामुळे ‘च’, ‘सुद्धा’, ‘देखील’, ‘मात्र’ हेही त्याच खणात आले. हे शब्द सामान्यरूप मागत नाहीत, म्हणून त्यांना ‘शुद्ध शब्दयोगी’ म्हणावे लागले. इंग्रजीत त्यांच्या जागी येणारे ‘ओन्ली’, ‘आल्सो’ हे क्रियाविशेषण गणले जातात. उलट ‘त’, ‘ला’, ‘ऊन’ हे खरोखर इंग्रजी ‘इन’, ‘टू’, ‘फ्रॉम’चे काम करणारे घटक विभक्तिप्रत्यय म्हणून निराळ्या प्रकरणात गेले. म्हणजे ‘घरात’मधला ‘त’ हा प्रत्यय, ‘घरामध्ये’मधला ‘मध्ये’ हा शब्दयोगी, आणि ‘आत ये’मधला ‘आत’ हे क्रियाविशेषण. तिन्ही ठिकाणी अर्थ एक, आणि विद्यार्थ्याच्या वहीत पाने तीन. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही वळणांची विस्ताराने छाननी केली, अरविंद मंगरूळकरांनी १९६४ मध्ये ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडला. परंतु हे मंथन क्रमिक पुस्तकांपर्यंत फारसे झिरपले नाही.

गंमत अशी की ज्या भाषेसाठी ही चौकट प्रमाण मानली गेली, त्या भाषेच्या अभ्यासकांनीच पुढे ती मोडली. ऑटो येस्पर्सन याने १९२४ च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात म्हटले की क्रियाविशेषण आणि शब्दयोगी यांत भेद करणे म्हणजे सकर्मक आणि अकर्मक क्रियापदांना दोन वेगळ्या जाती मानण्यासारखे आहे. ‘ही वेन्ट अप’ आणि ‘ही वेन्ट अप द घाट’ या दोन वाक्यांत ‘अप’ एकच. एकदा त्याला नामाची जोड आहे, एकदा नाही. २००२ मध्ये आलेल्या हडलस्टन आणि पुलम यांच्या केंब्रिज व्याकरणाने हीच भूमिका घेतली आणि पहिल्या वाक्यातल्या ‘अप’लाही प्रेपोझिशनच म्हटले. आपल्याकडे ‘तो वर गेला’ आणि ‘तो घाटावर गेला’ या वाक्यांतील ‘वर’ची जात ओळखा, असा प्रश्न अजून येतो आणि उत्तरात दोन वेगळ्या जाती लिहिल्या तरच गुण मिळतात. दोन्हींचे नाते काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

या चौकटीचा भुर्दंड कोणाला पडतो? प्रामुख्याने त्या विद्यार्थ्याला, ज्याच्या घरची बोली प्रमाण मराठीपासून थोडी दूर आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीवरील सातव्या खंडाने (१९०५) वऱ्हाडी बोलीची स्वतंत्र नोंद घेतली. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने (१९६०) ती कादंबरीत प्रतिष्ठित केली. गाडगेबाबांनी तर आपली सारी कीर्तने तिच्याच बळावर उभी केली. तरी शाळेत ‘मले’, ‘तुले’ म्हणणारे मूल दुरुस्त केले जाते. मग तेच मूल इंग्रजीच्या तासाला ‘आय गो टू होम’ म्हणते आणि पुन्हा दुरुस्त केले जाते. दोन्ही वेळा त्याला एवढेच कळते की आपल्याला येते ते चूक आहे.

वस्तुतः त्याच्याजवळ काय आहे ते पाहा. ‘मले डाक्तराले दाखवाले अकोल्याले जा लागते’ हे अगदी रोजचे वऱ्हाडी वाक्य. त्यात ‘ले’ चार वेळा आला आहे. इंग्रजीत सांगू गेल्यास, ‘आय हॅव टू गो टू अकोला टू शो इट टू द डॉक्टर’. ‘टू’ही चार वेळा. त्यातले तीन तर हुबेहूब जुळतात : स्थळाकडे जाणारा (अकोल्याले), व्यक्तीकडे जाणारा (डाक्तराले) आणि हेतूकडे जाणारा (दाखवाले). हेतूचा ‘टू’ इंग्रजीत क्रियापदाच्या आधी का येतो, हे इंग्रजी शिकणाऱ्या कोणालाही पडणारे कोडे आहे. इतिहास सांगतो की जुन्या इंग्रजीत ‘टू’ पुढचे ते रूप क्रियापदापासून झालेले नामच होते, आणि त्याला विभक्तीही लागत असे. ‘दाखवाले’मध्येही क्रियापदाचे नाम करून त्याला ‘ले’ लावलेला आहे. हजारो मैल दूर असलेल्या दोन भाषांनी एकच युक्ती केली. वऱ्हाडी मुलाला हे सांगितले तर ‘टू’चे हे तिन्ही उपयोग त्याला एका बैठकीत समजतील. पण शाळेतला विभक्तीचा तक्ता ‘ला’ एकदा द्वितीयेत आणि एकदा चतुर्थीत दाखवितो, ‘ले’ तर दाखवीतच नाही, आणि ‘टू’ म्हणजे ‘ला’ एवढे समीकरण हातात देऊन मोकळा होतो.

चुका या समीकरणातून होतात. ‘त्याच्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन हिम’, ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरिड विथ हर’, ‘त्याला विचार’ म्हणून ‘आस्क टू हिम’. या चुकांमागे शिस्त आहे. विद्यार्थी तक्ता प्रामाणिकपणे पाळतो आहे. त्याला सांगावयास हवे ते असे की कोणते क्रियापद कोणता संबंधदर्शक शब्द मागते हे प्रत्येक भाषेचे खासगी देणेघेणे असते, आणि मराठीतही ते तसेच आहे. आपणही ‘त्याच्यावर रागावतो’, पण ‘त्याच्याशी भांडतो’ आणि ‘त्याला भितो’. का, याला उत्तर नाही, रूढी आहे. ‘ऑन मंडे’, ‘इन जानेवारी’, ‘ॲट फाइव्ह’ हे तीन वेगळे शब्द कशासाठी, अशी तक्रार विद्यार्थी करतात. परंतु आपणही ‘सोमवारी’, ‘जानेवारीत’ आणि ‘पाच वाजता’ असे तीन मार्ग वापरतो, आणि ‘सोमवारात भेटू’ म्हणणारा आपल्याला परका वाटतो. ‘गो होम’चेही तसेच. ‘होम’ हा शब्द जुन्या काळी दिशा दाखविणाऱ्या विभक्तीत वापरला जाई; विभक्तीची खूण झिजली, उपयोग राहिला. आपल्या ‘घरी’, ‘गावी’ या रूपांत ती खूण अजून दिसते. म्हणून ‘गो होम’ म्हणजे ‘घरी जा’. ‘घरीला जा’ असे आपण म्हणत नाही, तसे इंग्रजही ‘गो टू होम’ म्हणत नाही.

विद्यार्थ्याला घाबरविणारा आणखी एक प्रदेश म्हणजे क्रियापदापाठोपाठ छोटे शब्द येणाऱ्या इंग्रजी जोड्या : ‘गिव्ह अप’, ‘लुक आफ्टर’, ‘पुट अप विथ’. याद्या पाठ करून त्या येत नाहीत. परंतु ‘मागे लागणे’, ‘पुढे ढकलणे’, ‘आड येणे’, ‘अंगावर घेणे’, ‘डोक्यावरून जाणे’ यांची यादी आपण कधी पाठ केली होती? ‘माघार घेतली’ आणि ‘अर्ज मागे घेतला’ यांतला फरक जाणणाऱ्याला इंग्रजीतला फरक जाणण्याची शक्ती आधीच आहे. फरक इतकाच की इंग्रजी अशा ठिकाणी दिशादर्शक शब्दावर भार टाकते आणि मराठी पुष्कळदा शरीराच्या अवयवांवर : अंगावर, डोक्यावरून, पाठीशी, हातून, तोंडून, पोटी.

या देवघेवीत मराठी नेहमी घेणारीच राहिली असे समजू नये. घेतलेल्याचे तिने काय केले हेही पाहिले पाहिजे. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. इंग्रजी रेल्वेपरिभाषेत मुख्य ठाण्याकडे जाणारी गाडी ‘अप’, तेथून निघणारी ‘डाऊन’. आपल्याकडे मुंबईची दिशा ‘अप’ ठरली. इंग्रजीत हे दोन शब्द क्रियाविशेषणे आणि शब्दयोगी. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती या पट्ट्यातल्या नोकरदारांच्या तोंडी त्यांचे एकच नाम झाले : ‘तो मूर्तिजापूरहून अकोल्याला अप-डाऊन करतो’. ‘करणे’ जोडून क्रियापद झाले, आणि त्याच्या भोवतीचे ‘हून’ व ‘ला’ मात्र पूर्ण मराठी राहिले. ‘स्टँडवर’, ‘ड्यूटीवर’, ‘ऑफिसातून’ यांतही तोच कायदा दिसतो. नाम परके चालते, सांधा घरचाच लागतो. वर ‘दरम्यान’च्या बाबतीत जे दिसले तेच येथे पुन्हा दिसते, फक्त राज्य बदलले होते.

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातले गाव. ‘लीळाचरित्रा’चा संबंध या भूमीशी आहे. भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’, जे मराठी व्याकरणविचाराचे पहिले पुस्तक मानले जाते, तेही चक्रधरांच्या सूत्रांचा अर्थ नेमका लागावा या गरजेतून महानुभावांनीच निर्मिले. म्हणजे मराठीचा व्याकरणविचार इंग्रजांची वाट पाहत थांबला नव्हता. तो याच परंपरेत, वचनातल्या शब्दाशब्दाचे नाते कळावे या तळमळीने सुरू झाला होता. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथे आणि अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत इंग्रजीचे आणि मराठीचे अध्यापक एकत्र बसून एक छोटे काम करू शकतील : ‘ले’, ‘कळे’, ‘मांगं’, ‘पायी’, ‘पासून’ या वऱ्हाडी शब्दांचे नामाशी आणि क्रियापदाशी असलेले व्यवहार नोंदवून, त्यांच्या शेजारी इंग्रजीचे व्यवहार मांडणारी एक पुस्तिका तयार करणे. तीत तक्ता नसावा. वाक्ये असावीत, रोजची असावीत, आणि दोन्हीकडची असावीत.

घाटाखालच्या मुलाला घाट चढून जावे लागते, त्याला इलाज नाही. मात्र त्याच्या पायांत चालण्याचे बळ आधीपासून आहे, हे त्याला सांगणारा शिक्षक हवा.